सतरा सक

डिसेंबर सरत आला की आमची बिल्डिंग रिकामी होत जाते
आणि माझा श्रूजबरीचा जुना डबा जड होत जातो.
निमोणकरांची किल्ली, लाल लोकरीची गाठ. ते हर्णैला.
मुजावरांची, कीचेनला छोटी चप्पल. ते नात बघायला बंगळूरला.
डिसिल्वा कुठेच जात नाहीत,
तरी मध्यरात्रीच्या मासला निघताना
तीन तासांपुरती का होईना, किल्ली ठेवूनच जातात
आणि वर केकचा तुकडा.
मनुका आहेत त्यात. बुंदी शेपटी हलवत बघत राहते.
तुला नाही, म्हणते मी. कुत्र्याला मनुका म्हणजे विष.

सूचना मी देते, घेत नाही.
पेपर बंद केलात का? दाराशी चार पेपर साचले
की चोराला वेगळं आमंत्रण लागत नाही.
समुद्राचे फोटो परत आल्यावर टाका,
समुद्र कुठे पळून जात नाही.
सिलिंडरचा खटका? केला म्हणता, पण मी बघून येते.

संध्याकाळी सातला दोन घरांत दिवे लावत फिरते,
मुजावरांच्या हॉलमध्ये, निमोणकरांच्या स्वयंपाकघरात.
उद्या उलट.
तळजाईवरून गार वारा उतरतो तेव्हा
खालून बघणाऱ्याला वाटावं, आत कोणी भाजी परततंय.

निमोणकरांची मांजर चकली माझ्यासमोर खात नाही.
वाटी ठेवून पाठ फिरवते, मग मागे चपचप ऐकू येतं.
रात्री ती पार्किंगमध्ये कोमट इंजिनापाशी शिरते,
म्हणून सकाळी निघणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर मी थाप मारते.
नवा भाडेकरू दचकला. काय झालं, काकू?
काही होऊ नये म्हणून, म्हटलं.

वॉचमन थोपटे केबिनचं दार लावून निखाऱ्यांपाशी बसतात.
मी रोज दार उघडते.
थंडी आत येते, ताई.
येऊ दे. थंडी आलेली कळते तरी.

आमच्या घरात आंघोळीला गेलेल्या माणसाने
मोठ्याने पाढे म्हणायचे असतात.
सांगलीहून सुट्टीला आलेला पुष्कर चौदा वर्षांचा, लाजतो.
गॅसचा गीझर तर तू केव्हाच काढलास, आत्या,
खिडकीची काचही काढलीस, कुडकुडतो मी. मग पाढे कशाला?
म्हण तू, म्हणते. दारापाशी लसूण सोलत बसते.

त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.
अशीच सुट्टी होती. मुकुल माझ्याकडे राहायला आलेला.
वारा येऊ नये म्हणून खिडकीला मीच पेपर चिकटवला होता,
खळ लावून, नीट, चारी कोपरे.
आत पाण्याचा आवाज चालू होता.
माणसाचा नव्हता.
हे कळायला मला एका पोळीएवढा वेळ लागला.

मुकुल वाचला. नोकरी करतो, स्कूटर चालवतो.
फक्त बोलता बोलता मधेच थांबतो,
जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा.

एकतीसच्या रात्री बारा वाजता धनकवडीकडून सुरुवात झाली,
मग सगळीकडूनच.
मी पडदे ओढले होते, रेडिओ मोठा केला होता,
पट्ट्याला माझा नंबर शिवलेला होता, दार दोनदा पाहिलं होतं.
तरी बुंदी बाथरूममध्ये, बादलीमागे, कानांसकट थरथरत.
मी पाटावर बसले. तिच्या पाठीवर हात ठेवून
जे तोंडात आलं ते म्हणत राहिले.
सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस.

तेवढ्यात मुकुलचा फोन. नवीन वर्षाचा.
पुष्कर झोपला?
झोपला.
तू काय करतेस?
बुंदीला पाढे म्हणून दाखवतेय. तू म्हण पुढे. स्पीकरवर आहेस.

सतरा त्रिक एक्कावन्न, तो म्हणाला.
सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याऐंशी.
सतरा सक

बाहेर एक मोठी माळ लागली आणि संपली.
बुंदीने एक कान उचलून फोनकडे केला.
मी सांगितलं नाही.
पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.